योमन म्हणजे शेतकरी का? रॉबिन हूडच्या भाषांतरात अडलेल्या एका शब्दाबद्दल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रॉबिन हूडच्या जुन्या गोष्टी तुम्ही मुलांसाठी मराठीत आणताय, त्यात 'योमन' हा शब्द सारखा येतो, डिक्शनरीत अर्थ दिलाय 'लहान जमीनदार, शेतकरी', पण रॉबिनकडे ना जमीन ना बैल, तो तर जंगलात राहून राजाची हरणं मारतो. पुढे त्याच पुस्तकात एका वाड्यावर स्वयंपाकघराचा एक 'योमन' आहे, आणि प्रस्तावनेत कुठल्याशा जुन्या संग्राहकाने 'योमन सर्व्हिस' केली असं लिहिलंय. तुम्ही आधी सगळीकडे 'शेतकरी' घातलं, मग मित्र म्हणाला 'मावळा' घाल, आणखी कुणी 'जमीनदार' सुचवलं, आणि आता तुम्ही विचारताय की एकच शब्द ठरवायचा तर कुठला.

एकच शब्द ठरवू नका, हे आधीच सांगते. पण तसं नुसतं सांगून तुमचं काम होणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी जवळजवळ तीस वर्षं इंग्लिशमधून मराठीत भाषांतरं करतेय, त्यात इतिहासाची पुस्तकं बरीच, आणि हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तेव्हा मीसुद्धा 'शेतकरी'च लिहिलं होतं. चौदाव्या शतकातल्या इंग्लंडवरचं पुस्तक होतं, त्यात चॉसर या जुन्या इंग्लिश कवीच्या कँटरबरी टेल्समधल्या यात्रेकरूंचं वर्णन होतं. एक नाईट, म्हणजे घोड्यावरचा सरदार, यात्रेला निघालाय, सोबत त्याचा मुलगा आहे तो स्क्वायर, म्हणजे नाईटच्या खालच्या पायरीचा, आणि तिसरा एक योमन, बाकी नोकरचाकर कुणी नाहीत. हा योमन हिरवा कोट आणि हिरवी टोपी घालून आलाय, कमरेला मोराच्या पिसांचे बाण, हातात मोठं धनुष्य, एका बाजूला तलवार आणि ढाल, दुसऱ्या बाजूला खंजीर, केस बारीक कापलेले, चेहरा उन्हाने रापलेला, छातीवर संत ख्रिस्तोफरची चांदीची प्रतिमा. आणि या माणसाला मी शेतकरी करून टाकलं होतं. प्रूफ परत आलं तेव्हा समासात पेन्सिलने एक ओळ होती, 'हा शेतकरी औत सोडून सरदाराच्या मागे धनुष्य घेऊन कशाला निघालाय?' आमचे संपादक वयस्कर होते, कमी बोलायचे, पण त्या एका ओळीने मला पुढची कितीतरी वर्षं शहाणं ठेवलं.

खरी अडचण अशी आहे की शेतकरी हा धंदा आहे आणि योमन ही पायरी आहे. माणूस काय काम करतो ते हा शब्द सांगतच नाही, तो कुणाच्या खाली आणि कुणाच्या वर उभा आहे ते सांगतो. काम बदललं तरी पायरी तीच राहू शकते, आणि काळाबरोबर जिनाच बदलला तर त्याच शब्दाचा माणूस वेगळ्याच उंचीवर दिसायला लागतो. आपल्याकडे 'हवालदार' बघा ना. शिवकाळात किल्ल्यावरचा हवालदार म्हणजे त्या किल्ल्याचा मुख्य अधिकारी, सबनीस आणि सरनोबत त्याच्या जोडीला, किल्ल्याच्या किल्ल्या त्याच्या हातात. आज हवालदार म्हटलं की चौकात उभा असलेला पोलीस डोळ्यासमोर येतो. 'नाईक' तसाच, कधीकाळी मुलखाचे मालक नाईक म्हणवायचे आणि आज सैन्यात ती शिपायाच्या वरची, लान्स नाईकनंतरची पायरी आहे. उद्या कुणी बखरीतल्या हवालदाराचं इंग्लिशमध्ये 'कॉन्स्टेबल' करून टाकलं तर आपल्याला कसं वाटेल, तेच आपण योमनचं 'शेतकरी' करून करतो.

आता शब्द आला कुठून. बहुतेक कोशकार असं धरतात की तो 'यंग मॅन'वरून घासत घासत बनला, म्हणजे मूळ अर्थ पोरगा, तरणा गडी. वाड्यावर कामाला ठेवलेला तरुण माणूस. हे ऐकून नवल वाटायचं कारण नाही, कारण इंग्लिशमधले दर्जाचे कितीतरी शब्द असे पोरांपासूनच निघालेत. 'नाईट' हा शब्द जुन्या इंग्लिशमध्ये पोरगा किंवा नोकर याच अर्थाचा होता, त्याचं जर्मन भावंड 'क्नेख्त' आजही घरगडी किंवा शेतगडी या अर्थानेच आहे, पण इंग्लंडमध्ये नाईट घोड्यावर बसला आणि वर वर चढत गेला. 'नेव्ह' पण मुळात पोरगाच, मग नोकर, आणि मग घसरत घसरत लबाड माणूस, आज तो पत्त्यातल्या गुलामापुरता उरलाय. 'चर्ल' हा तर स्वतंत्र सामान्य माणूस होता, नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यानंतर तो बांधील कुळाच्या अर्थाला आला आणि शेवटी उद्धट, अडाणी माणसाला लोक चर्ल म्हणायला लागले. एकाच घरातून निघालेली भावंडं असावीत आणि एक बंगल्यात, एक चाळीत, एक रस्त्यावर असं झालंय. योमन या सगळ्यांत मधला. तो फार वर गेला नाही आणि बदनामही झाला नाही, आणि म्हणूनच तो पकडायला अवघड आहे.

मोठ्या घराण्यांमध्ये नोकरांची उतरंड ठरलेली असायची. सगळ्यात खाली ग्रूम, म्हणजे हाताखालचा पोरगा, त्याच्यावर योमन, त्याच्यावर स्क्वायर, मग नाईट. म्हणजे भांडारात, मुदपाकखान्यात, तळघरातल्या दारूच्या कोठारात, सगळीकडे योमन असायचे आणि त्यांच्या हाताखाली ग्रूम. तुमच्या पुस्तकातला स्वयंपाकघराचा योमन हा यातला. तो आचारी असेलच असं नाही, तो त्या खात्यातला मधल्या दर्जाचा माणूस. आजही लंडनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये 'ब्लॅक रॉड' नावाचा जो अधिकारी असतो त्याच्या उपअधिकाऱ्याला 'योमन अशर' म्हणतात, तिथे योमनचा अर्थ सरळ 'उप' इतकाच उरतो. आणि १४८५ साली सातव्या हेन्रीने बॉसवर्थची लढाई जिंकून गादी मिळवल्यावर जे अंगरक्षक ठेवले ते 'योमन ऑफ द गार्ड', त्यांचेच चुलतभाऊ टॉवर ऑफ लंडनचे 'योमन वॉर्डर', ज्यांना टुरिस्ट 'बीफईटर' म्हणून ओळखतात. लाल पोशाखातले हे लोक बघून कुणी शेतकरी म्हणेल का? तरी एका मराठी प्रवासवर्णनात मी 'टॉवरचे शेतकरी रक्षक' असं वाचलंय, आणि वाचून वाईट वाटलं, कारण लिहिणाऱ्याने डिक्शनरी प्रामाणिकपणे उघडून बघितली होती.

मग शेतकरी हा अर्थ आला कसा? तो खोटा नाही, तो नंतर पक्का झाला. १३६३ च्या एका कायद्यात कुणी किती भारी कापड वापरायचं ते ठरवून दिलं होतं (हा कायदा फार टिकला नाही), त्यात योमनला कारागिरांच्या बरोबर बसवलंय आणि रेशीम, सोनं, चांदी अंगावर घालायची नाही असं बजावलंय. आता चॉसरच्या योमनच्या छातीवरची चांदीची प्रतिमा परत आठवा, ती बारीकशी गोष्ट तेव्हाच्या वाचकाच्या चटकन लक्षात आली असेल. मग १४१३ मध्ये असा कायदा आला की कोर्टाच्या ठराविक कागदांमध्ये माणसाच्या नावापुढे त्याचा दर्जा किंवा धंदा लिहायलाच पाहिजे. इथून प्रत्येकाला एक लेबल लागलं, नाईट, एस्क्वायर (म्हणजे स्क्वायरच), जंटलमन (खानदानी माणूस), योमन, हजबंडमन (साधा नांगरवाला शेतकरी), लेबरर (मजूर). आणि १४३० पासून जिल्ह्याच्या निवडणुकीत मत द्यायला वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची स्वतःच्या मालकीची जमीन लागायची, हा नियम थेट १८३२ पर्यंत चालला. मग हळूहळू असं समीकरण बसलं की चाळीस शिलिंगची जमीनवाला, मत देणारा, ज्युरीत बसणारा, पण जंटलमन नसलेला तो योमन. वकिलांनी हीच व्याख्या पुस्तकात घातली आणि डिक्शनऱ्यांनी ती उचलली.

पण लोक व्याख्येप्रमाणे जगत नाहीत. बिशप ह्यू लॅटिमर याने १५४९ मध्ये राजासमोर प्रवचन करताना सांगितलं की माझे वडील योमन होते आणि त्यांची स्वतःची जमीन नव्हती. नव्हती! वर्षाला तीन-चार पौंड खंडाने शेत घेतलेलं, त्यावर सहा माणसांना पुरेल एवढी नांगरट, शंभर मेंढरांना चरायला जागा, आई तीस गाईंचं दूध काढायची, राजाचं बोलावणं आलं की वडील स्वतःचा घोडा आणि चिलखत घेऊन जायचे, आणि मुलाला शाळेत घातलं. व्याख्येप्रमाणे हा माणूस योमन बसतच नाही, पण गावात त्याला योमन म्हणत होते आणि मुलगाही अभिमानाने म्हणतोय. कारण ऐपत, गोठा, गडीमाणसं, मुलाची शाळा, हे सगळं मिळून पायरी ठरत होती. सातबारा कुणाच्या नावावर आहे एवढ्यावरून नाही.

हे आपल्याला कळायला अवघड का वाटावं हेच मला कळत नाही, कारण आपल्या लग्नपत्रिका काढून बघा. नावाखाली 'प्रगतशील शेतकरी' किंवा 'बागायतदार' लिहिलेलं असतं. दोन भाऊ, दोघेही शेतीच करतात, पण एकाच्या नावाखाली नुसतं काही नाही आणि दुसऱ्याच्या नावाखाली 'प्रगतशील बागायतदार' आहे, तर वाचणाऱ्याला काय समजायचं ते समजतं, तिथे पाणी आहे, बाग आहे, गावात बोलण्याला वजन आहे. हजबंडमन आणि योमन यांच्यात जो फरक होता तो जवळजवळ हाच. दोघेही शेतावरच, पण मृत्युपत्रावर योमन लिहिलं की ऐपत कळायची. आणि लेबल लावणारा कोण यावरही असायचं, म्हणजे एकाच माणसाला एका कागदात हजबंडमन आणि दुसऱ्यात योमन म्हटलेलं इतिहासकारांना सापडतं. शेक्सपिअरचे वडील जॉन हे हातमोजे करणारे, एका कागदात त्यांचा धंदा लिहिलाय, दुसऱ्या कागदात ते योमन आहेत, आणि १५९६ मध्ये घराण्याला कुलचिन्ह मिळाल्यावर ते जंटलमन झाले. माणूस तोच, घर तेच.

आता तुमच्या रॉबिनकडे येते, कारण तुमचा जीव तिथे अडकलाय. रॉबिन हूडच्या जुन्या काव्यांपैकी 'गेस्ट' म्हणून ओळखलं जाणारं मोठं काव्य आहे, पंधराव्या शतकाच्या आसपासचं. त्यात सुरुवातीलाच रॉबिनला 'चांगला योमन' म्हटलंय. मग त्याचा साथीदार लिटल जॉन विचारतो की आम्ही कुणाला लुटायचं आणि कुणाला सोडायचं, त्यावर रॉबिन सांगतो, नांगर धरणाऱ्या हजबंडमनला हात लावायचा नाही, रानातून जाणाऱ्या चांगल्या योमनलाही नाही, आणि दिलदार असेल तर नाईट आणि स्क्वायरलाही नाही, पण बिशप आणि आर्चबिशप मिळाले तर बांधा आणि चोपा, आणि नॉटिंगहॅमच्या शेरीफला विसरू नका. ही जागा मला फार आवडते, कारण इथे पूर्ण जिना एकाच दमात समोर येतो. नांगरवाला वेगळा सांगितलाय आणि योमन वेगळा, म्हणजे योमनला 'शेतकरी' केलंत तर ही ओळच मोडते, तुम्हाला 'शेतकऱ्याला सोडा आणि शेतकऱ्यालाही सोडा' असं लिहावं लागेल. तुम्ही कुठली आवृत्ती वापरताय मला माहीत नाही, पण जुन्या काव्यावरून लिहिलेली असेल तर हा प्रसंग बहुतेक असणारच, तिथे तुमची परीक्षा आहे.

आणि थोडं पुढे आणखी एक जागा आहे. कर्जात बुडालेल्या नाईटला रॉबिन मदत करतो आणि म्हणतो की हा माझा लिटल जॉन तुझ्याबरोबर देतो, तो तुझा 'नेव्ह' होईल, गरज पडली तर 'योमनच्या जागी' उभा राहील. म्हणजे ज्या काव्यात रॉबिनला योमन म्हटलं ते दर्जा म्हणून, त्याच काव्यात इथे योमन म्हणजे नाईटच्या मागे चालणारा माणूस, एक जागा, एक काम. दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतायत. आणि 'नेव्ह' इथे शिवी नाही, नुसता सोबतीचा नोकर आहे, तिथे चुकून 'लबाड' लिहू नका.

या दुसऱ्या जागेसाठी मला मराठीत एक शब्द फार जवळचा वाटतो, तो म्हणजे 'गडी'. बघा, गडी म्हणजे घरी ठेवलेला नोकर, 'शेतावर दोन गडी आहेत'. गडी म्हणजे जोडीदार, सवंगडी, खेळगडी. आणि 'गडी मोठा हिमतीचा' म्हणतो तेव्हा नोकर डोक्यातही नसतो, ताठ कण्याचा माणूस असतो. तरुण पुरुष, नोकर आणि मर्द माणूस, हे तिन्ही धागे योमनमध्ये आहेत आणि गडीमध्येही आहेत. 'हा माझा लिटल जॉन, तो तुझा गडी म्हणून येईल', हे वाक्य मोठ्याने वाचून बघा, मुलांना एका क्षणात कळेल.

पण रॉबिनला स्वतःला सगळीकडे 'गडी' म्हणता येणार नाही, तो कुणाचा नोकर नाही. तिथे मी असं करते की पहिल्यांदा मूळ शब्दच ठेवते आणि त्याच वाक्यात त्याचे शेजारी दाखवते. म्हणजे, 'रॉबिन योमन होता, सरदारांच्या पंगतीत त्याला जागा नव्हती, पण तो कुणाचा बांधील कुळही नव्हता, आपल्या धनुष्याच्या आणि मनगटाच्या जोरावर ताठ मानेने राहणारा माणूस.' एवढं एकदा केलं की पुढे योमन हा शब्द मुलांचा होतो, त्यांना मग अर्थ विचारावा लागत नाही. मुलं 'समुराई' ठेवून घेतात, 'नाईट' ठेवून घेतात, योमनही घेतील. तळटीप देऊ नका, दहा वर्षांचं मूल तळटीप वाचत नाही.

'मावळा'बद्दल. तुमच्या मित्राच्या मनात काय आलं ते मला समजतं, डोंगर-रान, गनिमी हल्ले, स्वतःच्या माणसासाठी जीव टाकणारे लोक. पण मावळा म्हणजे मावळातला माणूस, आणि त्याच्या मागे एक राजा उभा आहे, स्वराज्य उभं आहे. रॉबिनच्या मागे कुणी राजा नाही, उलट तो राजाच्याच रानातली हरणं मारतो. मावळा घातलात की वाचकाच्या डोक्यात रायगड उभा राहील आणि रॉबिनचं शेरवूडचं रान पुसलं जाईल. तसंच 'कुणबी'. काही जुन्या भाषांतरांमध्ये असे शब्द सढळ वापरलेले दिसतात, पण तो आज जातीचा शब्द म्हणून वाचला जातो, आणि इंग्लंडमधला दर्जा जन्माला इतका चिकटलेला नव्हता, लॅटिमर योमनचा मुलगा होता आणि बिशप झाला. 'जमीनदार' तर उलट्या टोकाला नेतो, जमीनदार म्हटलं की पिळवणूक करणारा वाडेवाला दिसतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, रॉबिन नेहमी योमनच राहिला नाही. १५९८ च्या सुमारास लंडनच्या रंगभूमीवर अँथनी मंडेची नाटकं आली त्यात रॉबिनला हंटिंग्डनचा अर्ल करून टाकलं, म्हणजे राज्यातून बेदखल झालेला उमराव. कारण समजण्यासारखं आहे, उच्च कुळातला माणूस जंगलात गेला की शोकांतिका होते, साधा माणूस गेला की चोर ठरतो. पुढची बरीच पुस्तकं आणि सिनेमे या अर्लच्याच मागे गेले. तुमच्या पुस्तकात जर एका प्रकरणात तो योमन आणि दुसऱ्यात उमराव असं येत असेल तर ती लेखकाची चूक समजून सारखं करत बसू नका, दोन वेगळ्या काळांच्या गोष्टी एकत्र शिवल्यात. मला विचाराल तर योमन रॉबिन मला जास्त प्रिय आहे, कारण त्याचं मोठेपण कुठल्या वारशातून आलेलं नाही.

तुमच्या पुस्तकाच्या बाहेरचं पण एक सांगते, कारण या शब्दाचं सगळ्यात धोक्याचं रूप तिथे आहे आणि कधीतरी तुमच्या वाट्याला येईलच. १७९४ मध्ये फ्रेंच हल्ल्याच्या भीतीने इंग्लंडमध्ये 'योमनरी' नावाची घोडदळाची स्वयंसेवक पथकं उभी राहिली, घोडा ज्याचा त्याने आणायचा. आपल्याकडे स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, त्या हिशोबाने ही शिलेदारी पथकंच. नाव शेतकरी-जमीनवाल्यांवरून पडलं. पण १६ ऑगस्ट १८१९ ला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर सुमारे साठ हजार माणसं, त्यात विणकर आणि गिरणी कामगार, बायकापोरांसकट, मतदानाच्या हक्कासाठी जमली, तेव्हा त्यांच्यात तलवारी उपसून घोडे घालणारी पहिली तुकडी ही मँचेस्टर आणि सॅलफर्डची योमनरी होती. त्यात होते कोण, तर गावातले कारखानदार, दुकानदार, दारूच्या गुत्त्यांचे मालक. पंधरा-अठरा माणसं मेली, शेकडो जखमी झाली, लोकांनी वॉटर्लूवरून त्या मैदानाला पीटर्लू नाव दिलं. आता हे भाषांतर करताना 'शेतकऱ्यांच्या पलटणीने कामगारांवर हल्ला केला' असं लिहिलं तर काय होईल? वाचक समजेल गरीब गरिबावर धावून गेला. प्रत्यक्षात मालक लोक कामगारांवर धावून गेले होते. एका शब्दाने अख्ख्या घटनेचा दोष जागा बदलतो. मी एका हस्तलिखितात अगदी हे वाक्य दुरुस्त केलंय, आणि तेव्हापासून योमन दिसला की मी आधी वर्ष बघते.

अमेरिकेत गेला की शब्द परत वेगळा. तिथे वर सरदार-जंटलमन असा ठरलेला जिनाच राहिला नाही, त्यामुळे 'योमन फार्मर' म्हणजे स्वतःच्या तुकड्यावर स्वतःच्या घरच्या माणसांनी राबणारा छोटा शेतकरी, राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या विचारांबद्दल लिहिताना हा शब्द हमखास येतो. इथे मात्र डोळे मिटून 'स्वतःच्या मालकीचा छोटा शेतकरी' लिहा, बरोबर आहे. आणि अमेरिकन नौदलात योमन म्हणजे कारकून, कागदपत्रं सांभाळणारा. पहिल्या महायुद्धात १९१७ पासून नौदलाने अकरा हजारांवर बायका या योमन पदावर भरती केल्या होत्या. त्या टाइपरायटरवर बसलेल्या बायकांना शेतकरी म्हणण्याची चूक कुणी करणार नाही असं वाटतं, पण मशीनने केलेल्या भाषांतरात मी ती पण बघितली आहे.

राहिली प्रस्तावनेतली 'योमन सर्व्हिस'. हा शब्दप्रयोग आपल्या भारतीय इंग्लिशमध्ये जेवढा जिवंत आहे तेवढा खुद्द इंग्लंडमध्ये आता ऐकू येत नाही. सत्कार, निरोप समारंभ, श्रद्धांजली, 'ही हॅज रेंडर्ड योमन सर्व्हिस' आलंच पाहिजे. त्याच्या मागे हॅम्लेटमधला एक प्रसंग आहे. हॅम्लेट सांगतो की सुंदर वळणदार अक्षर काढणं हे कारकुनी काम म्हणून मी हलकं समजायचो, शिकलेलं विसरायचा प्रयत्न करायचो, पण राजाचं खोटं पत्र लिहायची वेळ आली तेव्हा त्याच अक्षराने मला योमनसारखी साथ दिली. म्हणजे झगमगाट नाही, मोठं नाव नाही, पण अडल्या वेळी हक्काने कामाला येणारं. म्हणून तिथे 'बहुमोल सेवा' मला थोडं फुगलेलं वाटतं. 'इमानेइतबारे काम केलं' किंवा 'खस्ता खाऊन काम उभं केलं' हे जास्त जवळ जातं. जुन्या गोष्टी गावोगाव फिरून गोळा करणाऱ्या माणसाबद्दल वाक्य असेल तर 'खस्ता खाऊन' फारच बरोबर बसेल.

आतापर्यंतचं थोडक्यात धरायचं तर, शब्द आला की मी दोन गोष्टी शोधते, एक म्हणजे काळ आणि देश कुठला, आणि दुसरं म्हणजे त्याच परिच्छेदात त्याच्या वर कोण आणि खाली कोण. शेजारी ग्रूम आणि स्क्वायर असतील तर वाड्यावरचा माणूस, हजबंडमन आणि जंटलमन असतील तर गावातला ऐपतदार माणूस, घोडे आणि तलवारी असतील तर पथक. शेजारी सापडलेच नाहीत तर मूळ शब्द ठेवा, चुकीची पायरी देण्यापेक्षा ते बरं.

आणि एक परिस्थितीवर अवलंबून असलेली गोष्ट, ती तुम्हीच ठरवायची. तुमच्या प्रकाशकाला परका शब्द अजिबात नको असेल, आणि मुलांच्या पुस्तकांत असा आग्रह कधी कधी असतो, तर रॉबिनसाठी 'स्वतंत्र गडी' किंवा नुसतं 'रानातला धनुर्धर' असं करता येईल. त्यात दर्जाचा धागा सुटतो हे मान्य करूनच करायचं. मग निदान लुटायचं कुणाला या प्रसंगात तरी नांगरवाला आणि योमन असे दोन वेगळे लोक राहतील याची काळजी घ्या. 'नांगर धरणाऱ्या कुळाला सोडा, रानावनात आपल्यासारखं मोकळं हिंडणाऱ्या गड्यालाही सोडा', असं मी केलं असतं.

तुम्ही वाड्यातल्या स्वयंपाकघराचं जे वाक्य दिलंय, योमनने दार उघडलं आणि पोराला पाणी आणायला पिटाळलं, तिथे तो पोरगा म्हणजे बहुतेक ग्रूम असणार, मूळ शब्द एकदा तपासा. असेल तर शेजारी सापडला. 'मुदपाकखान्याच्या कारभाऱ्याने दार उघडलं आणि हाताखालच्या पोराला पाण्याला पिटाळलं.' कारभारी शब्द थोडा वरचा वाटला तर 'मुदपाकखान्यावरच्या माणसाने' करा, बोलीत आपण 'गोदामावरचा माणूस', 'पंपावरचा माणूस' म्हणतो तसं. मला दुसरं जास्त आवडतंय, कारण त्यात तो कामाचा धनीही होत नाही आणि हमालही होत नाही.